डॉक्टर म्हणाले ‘आज घरी जा’, पण घरी पोहोचायचं कसं? पुण्यात पहिल्यांदाच डिस्चार्ज घेणाऱ्यांसाठी

सकाळी साडेनऊला डॉक्टर राऊंडला आले, आईच्या जखमेचं ड्रेसिंग बघितलं आणि म्हणाले, ‘‘आजी, छान आहे सगळं. आज घरी जा.’’ खुब्याच्या ऑपरेशनचा सहावा दिवस होता. आईने लगेच स्वतःची साडी मागितली. मी आणि वॉर्डातल्या मावशींनी मिळून ती नेसवली, वेणी घातली, पिशव्या भरल्या. आम्ही धायरीला राहतो. घराचं कुलूप उघडलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्या दिवशी मी बिलिंगच्या खिडकीशी सहा वेळा गेले आणि सहाही वेळा ‘प्रोसेस चालू आहे’ एवढंच ऐकून परत आले. दुपारी आईला जेवण आलं नाही. तीनची गोळी चुकली. संध्याकाळी पाय सुजला आणि ती रडायला लागली. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा ती रडली नव्हती. बरं झालेलं माणूस हॉस्पिटलच्या पलंगावर उगाच बसून राहतं, तेव्हा त्याचा जीव किती कासावीस होतो, हे मी तेव्हा पाहिलं.

त्यानंतरच्या दीड वर्षात मुलाचा डेंग्यू झाला आणि सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली. सासऱ्यांना घेऊन आम्ही साडेतीन तासांत बाहेर पडलो. ओळख, वशिला काही नव्हता. फाईल कुठून कुठे जाते आणि कुठे अडकते, एवढं तोवर कळलं होतं. ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी फाईलचा रस्ता समजून घ्या

डॉक्टर तोंडाने ‘घरी जा’ म्हणतात, त्याने काहीच सुरू होत नाही. त्यांनी केसपेपरवर डिस्चार्ज लिहिला की सुरू होतं. मग वॉर्डातली सिस्टर न वापरलेली औषधं, इंजेक्शनं, सलाईनच्या बाटल्या मोजून फार्मसीला परत पाठवते. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, फिजिओथेरपी यांच्याकडून आपापले चार्जेस लागले का ते बघितलं जातं. दुसरीकडे आरएमओ, म्हणजे वॉर्डात असणारे तरुण डॉक्टर, डिस्चार्ज समरी लिहितात. ती टाईप होते आणि मोठ्या डॉक्टरांच्या सहीसाठी थांबते. त्यानंतर फाईल बिलिंगला जाते आणि फायनल बिल बनतं. कॅशलेस असेल, म्हणजे विमा कंपनी हॉस्पिटलला थेट पैसे देणार असेल, तर बिल, समरी आणि रिपोर्ट हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्ककडून टीपीएला, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला, किंवा विमा कंपनीला जातात. मंजुरीचं पत्र येतं, वरची रक्कम तुम्ही भरता, गेटपास मिळतो.

यातल्या दोन जागा सगळ्यात जास्त वेळ खातात: समरीवरची सही आणि विम्याची मंजुरी. मोठे डॉक्टर सकाळचा राऊंड संपवून ऑपरेशनला किंवा दुसऱ्या हॉस्पिटलच्या ओपीडीला गेले, तर टाईप झालेली समरी टेबलावर पडून राहते. आईच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. समरी साडेबाराला तयार होती, सही झाली साडेचारला. आणि ते चार तास मी बिलिंगच्या खिडकीशी फेऱ्या मारत होते, जिथे फाईल पोहोचलेलीच नव्हती.

२. दाखल होतानाच विचारून ठेवा

ॲडमिशनच्या घाईत हे सुचत नाही, म्हणून सोबतच्या एकाने तरी हे काम अंगावर घ्यावं.

पहिलं, तुमच्या पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा आहे का? रोज ५,००० रुपयांची मर्यादा असताना तुम्ही ८,०००ची खोली घेतली, तर वरचे ३,००० भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीच्या दर्जाप्रमाणे वाढणारे खर्चही विमा कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे पाच अष्टमांश, मंजूर करते. असे खर्च १ लाख ६० हजार झाले असतील तर मंजूर होतात १ लाख. उरलेले ६० हजार डिस्चार्जच्या दिवशी अचानक समोर येतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावायची नसते, तेही लक्षात ठेवा. शिवाय आयसीयू सोडून ५,०००पेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर जुलै २०२२पासून जीएसटी लागतो.

दुसरं, खोलीभाड्याचा दिवस कसा मोजतात? काही ठिकाणी दाखल झालेल्या वेळेपासून २४ तास, काही ठिकाणी ठराविक वेळेला दिवस बदलतो. दुपारी बाराला दिवस बदलत असेल, तर त्या बाराच्या आत बिल बंद होणं तुमच्या खिशाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे.

तिसरं, अपघात असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची हॉस्पिटलमधली नोंद, झाली का? पोलिसांत नोंद झाली असेल तर तिचा नंबर लिहून घ्या. विमा कंपनी तो हमखास मागते.

योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर तेही पहिल्याच दिवशी सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये ‘आरोग्यमित्र’ बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. पुणे महापालिकेची शहरी गरीब वैद्यकीय साहाय्य योजना आहे, तिचं पत्र आधी आणावं लागतं. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. निर्धनांवर मोफत आणि दुर्बल घटकांवर निम्म्या दरात उपचार करायचे असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पुण्यातली कितीतरी मोठी हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत. फायनल बिल हातात पडल्यावर हे आठवलं तर फार उशीर झालेला असतो.

३. आदल्या संध्याकाळी अर्धा दिवस वाचतो

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. संध्याकाळच्या राऊंडला डॉक्टरांना सरळ विचारा: ‘‘उद्या सोडायची शक्यता आहे का? असेल तर समरी आजच लिहून ठेवायला सांगाल का?’’ बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. रात्रपाळीच्या आरएमओंना थोडी उसंत असते, ते समरीचा कच्चा मसुदा करून ठेवतात. सकाळी फक्त शेवटची तपासणी आणि सही उरते. सकाळी डॉक्टर किती वाजेपर्यंत हॉस्पिटलमध्ये आहेत, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

मग बिलिंगला जाऊन आजपर्यंतचं बिल मागा, तपशिलासह. यात चूक सापडली तर आज रात्री दुरुस्त होते. उद्या बारा वाजता खिडकीशी वीस माणसं असताना होत नाही. इन्शुरन्स डेस्कलाही सांगून ठेवा की उद्या डिस्चार्ज अपेक्षित आहे आणि आधीच्या मंजुरीवर काही प्रश्न बाकी असतील तर आजच सांगा.

पैशांची सोय आजच बघा. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला १ लाख असते. हॉस्पिटलच्या बिलासाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३मध्ये ती ५ लाखांवर नेली, पण तुमच्या बँकेने स्वतःची मर्यादा कमी ठेवलेली असू शकते. नुकताच नवा फोन घेऊन त्यात ॲप सुरू केलं असेल तर पहिले २४ तास फारच थोडी रक्कम जाते. रोख भरायचा विचार असेल, तर एका उपचारासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख हॉस्पिटलला घेता येत नाही.

रविवारी किंवा सणाच्या दिवशी डिस्चार्ज येत असेल तर बिलिंग आणि इन्शुरन्स डेस्कवर कोण असतं ते नक्की विचारा. गणपती विसर्जनाच्या दिवशी तर पेठांतले आणि डेक्कनकडचे रस्ते बंद असतात. डॉक्टरांची परवानगी असेल तर आदल्याच दिवशी निघा, नाहीतर एक दिवस थांबा.

४. एका पिशवीत काय काय हवं

प्लास्टिकची चेनची फाईल घ्या आणि ती एकाच माणसाकडे ठेवा. आमच्याकडे पहिल्या वेळी डिपॉझिटची पावती भावाच्या पाकिटात आणि भाऊ हिंजवडीला ऑफिसात, असं झालं होतं.

- रुग्णाचं आणि पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याचं आधार, पॅन
- विम्याचं कार्ड, पॉलिसीची प्रत, कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीचं पत्र
- डिपॉझिटच्या सगळ्या मूळ पावत्या
- बाहेरून आणलेल्या औषधांची बिलं, प्रत्येकासोबत डॉक्टरांची चिठ्ठी
- दाखल होण्याआधीचे रिपोर्ट आणि ओपीडीचे कागद
- रद्द केलेला चेक, रिएम्बर्समेंट (आपण बिल भरून नंतर विम्याकडून पैसे परत घेणं) करायची वेळ आली तर
- एमएलसी किंवा एफआयआरची प्रत, अपघात असल्यास

स्टेंट किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर त्याच्या वेष्टनावरचा स्टिकर समरीला किंवा बिलाला जोडलेला हवा, आणि इम्प्लांटचं बिलही हवं. स्टेंटची किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७पासून बांधून दिली आहे आणि बिलात तो वेगळा दाखवावा लागतो. सासऱ्यांच्या वेळी स्टिकर जोडायचा राहिला होता. आदल्या संध्याकाळी विचारल्यामुळे तो कॅथलॅबमधून, म्हणजे अँजिओप्लास्टी झाली त्या खोलीतून, मिळाला. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीने तो मागितला असता तर दोन तास गेले असते.

५. समरी सही होण्याआधी वाचा

टाईप झाली की सिस्टरना म्हणा, ‘‘सहीला जायच्या आधी एकदा बघू का?’’ नाव आधारवर आणि पॉलिसीवर आहे तसंच आहे का, वय, दाखल झाल्याची तारीख आणि वेळ, डावा-उजवा, ऑपरेशनचं नाव, ॲलर्जी हे सगळं तपासा. मधुमेह किंवा बीपी ‘किती वर्षांपासून’ हा रकाना विशेष काळजीने बघा. दाखल करताना घाबरलेला एखादा नातेवाईक ‘असेल दहा-बारा वर्षं’ असं अंदाजाने सांगतो, ते तसंच समरीत उतरतं, आणि विमा कंपनी विचारते की पॉलिसी घेताना हे का सांगितलं नाही. खरी माहिती द्या, पण खरी म्हणजे जुन्या कागदांवरून तपासलेली.

औषधांची यादी डॉक्टरांसमोर मोठ्याने वाचा. घरी आधीपासून चालू असलेली गोळी आणि समरीतली नवी गोळी वेगवेगळ्या नावाने एकच असू शकते. आईच्या बीपीच्या गोळीचं तसंच झालं होतं. टाके कधी काढायचे, आंघोळ कधी करायची, पुन्हा कधी दाखवायचं आणि काय झालं तर लगेच यायचं, हे लिहून घ्या.

६. डिस्चार्जची सकाळ

‘किती वेळ लागेल?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला कोणाकडेच उत्तर नसतं. ‘फाईल आत्ता कोणाकडे आहे आणि पुढे कोणाकडे जाणार?’ असं विचारा. उत्तर मिळालं की त्या माणसाकडे जा, तिथून निघाल्याची वेळ वहीत लिहा. फार्मसीत औषधं परत जमा झाली का हे साडेदहाच्या आत बघा. बऱ्याचदा फाईल फक्त तेवढ्यासाठी वॉर्डात थांबलेली असते. आवाज न चढवताही पाठपुरावा होतो. वॉर्डातल्या सिस्टरकडे वीस रुग्ण असतात आणि तुमचं काम शेवटी तीच पुढे ढकलते.

आता रुग्णाची काळजी. माझ्याकडून यातल्या तिन्ही चुका झाल्या, म्हणून नीट सांगते.

डिस्चार्ज लिहिला गेला की किचनमध्ये त्या खाटेचं जेवण बंद होऊ शकतं. सकाळीच सिस्टरना सांगा की निघेपर्यंत जेवण चालू ठेवा, नाहीतर घरून डबा आणा. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन देऊन जेवण आलंच नाही, तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

औषधं परत जातात तेव्हा दुपारच्या आणि संध्याकाळच्या गोळ्याही जातात. पुढच्या दोन वेळच्या गोळ्या बाजूला काढून ठेवायला सांगा. घरी न्यायची औषधं हॉस्पिटलच्याच दुकानातून घ्यायची सक्ती नाही, पण पहिल्या दिवसापुरती तिथून घेतलेली बरी.

आणि घरचे कपडे लगेच घालू नका. पलंग सोडू नका. गाऊनमध्ये आडवं पडून राहिलेला रुग्ण तासनतास तयार होऊन बसलेल्या रुग्णापेक्षा कितीतरी कमी दमतो. हाताची सलाईनची सुई मात्र निघताना आठवणीने काढून घ्या आणि तिथे पाच मिनिटं कापूस दाबून धरा.

७. कॅशलेसचे तीन तास नेमके कोणते

विमा नियामक संस्थेच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, २९ मे २०२४च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या अंतिम विनंतीवर तीन तासांत मंजुरी. त्यापेक्षा उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या निधीतून भरायचे.

पण हे तीन तास डॉक्टर ‘घरी जा’ म्हणाले तेव्हापासून मोजत नाहीत. हॉस्पिटलने सगळे कागद पाठवले तेव्हापासून मोजतात. म्हणून इन्शुरन्स डेस्कवर विचारा: ‘‘विनंती किती वाजता गेली?’’ ती वेळ लिहून घ्या. मग विमा कंपनीच्या किंवा टीपीएच्या हेल्पलाईनला स्वतः फोन करा आणि क्लेम नंबर सांगून विचारा की कागद मिळाले का, काही क्वेरी आहे का. क्वेरी आलेली असते आणि डेस्कवर कोणी पाहिलेली नसते, हे नेहमीचं आहे. ‘हा रिपोर्ट पाठवा’, ‘डॉक्टरांचं स्पष्टीकरण द्या’ अशा क्वेरीसाठी आरएमओंना जाऊन भेटा.

मंजुरी आली नाही तर घाबरू नका. पैसे भरता येत असतील तर भरून निघा आणि नंतर रिएम्बर्समेंट मागा. त्यासाठी सगळे कागद मूळ प्रतीत घेऊन निघा.

८. बिल बघताना

तपशीलवार बिल मागणं हा तुमचा हक्क आहे. परत केलेली औषधं वजा झाली का? एकाच तारखेला दोन खोल्यांचं भाडं लागलं का? आयसीयूतून वॉर्डात आणलं त्या दिवशी ही चूक हमखास होते. न झालेली तपासणी लागली आहे का? डॉक्टरांच्या भेटी किती? ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर अशा ६८ वस्तूंची आयआरडीएआयची यादी आहे, त्यांचे पैसे साधारणपणे विमा देत नाही, तेवढे तुम्हालाच भरावे लागतात. डिपॉझिटचा परतावा लगेच मिळणार नसेल तर किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात, हे लेखी घ्या.

९. अडवलं तर

बिलाचा वाद आहे म्हणून रुग्णाला हॉस्पिटलमध्ये अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत हे आहे आणि मुंबई उच्च न्यायालयानेही अशा अडवणुकीला बेकायदा म्हटलं आहे. हॉस्पिटलला बिलाची वसुली कायद्याने करता येते, माणूस धरून नाही. रुग्ण दगावला असेल तर पार्थिवही अडवता येत नाही. अशा वेळी विमा कंपनीनेही क्लेमचं काम तत्काळ करायचं, असं त्याच २०२४च्या परिपत्रकात म्हटलं आहे.

आधी वैद्यकीय समाजसेवकांना आणि मग प्रशासकांना भेटा. रुग्णहक्कांची सनद आणि १५ सेवांचे दर दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१च्या नियमांनी बंधनकारक आहे, त्या फलकाचा फोटो काढून ठेवा. तरीही नाही ऐकलं तर पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या तक्रार कक्षाकडे जा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर धर्मादाय सहआयुक्तांकडे. विम्याची तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर नारायण पेठेत, एन. सी. केळकर रस्त्यावर, विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही.

एक मात्र करू नका. वैतागून ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहे’ या कागदावर सही करू नका. डॉक्टरांनी तुम्हाला स्वतःच सोडलेलं असतं, उशीर कागदांचा असतो. त्या एका सहीने पुढे विमा कंपनी प्रश्न काढू शकते आणि डॉक्टरांची जबाबदारीही अंधुक होते.

१०. गाडी आणि घर

गेटपास हातात आल्यावरच गाडी बोलवा. संध्याकाळी सहा ते नऊ सिंहगड रस्ता, कर्वे रस्ता, हडपसरची बाजू यांवर दुखणाऱ्या माणसाला घेऊन अडकू नका. दुपारी चारनंतर मंजुरी आली तर रुग्णाला रात्रीचं जेवण हॉस्पिटलमध्येच देऊन निघालेलं बरं. १०८ची रुग्णवाहिका तातडीच्या रुग्णांसाठी आहे, घरी सोडायला ती येत नाही. आडवं न्यायचं असेल तर खासगी रुग्णवाहिका आदल्या दिवशी ठरवा आणि जिना चढवायला माणसं येतील का ते भाव ठरवतानाच विचारा. खुबा किंवा गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर कमोडची उंच सीट आणि वॉकर दोन्ही रुग्ण घरी येण्याआधी घरात हवेत.

एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म वॉर्डातच राहतात, त्या मागून घ्या. केसपेपरच्या प्रती हव्या असतील तर लेखी अर्ज द्या. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत त्या मिळायला हव्यात. डिस्चार्जनंतरच्या ठराविक दिवसांचा खर्चही बहुतेक पॉलिसींत मिळतो, साधारण ६० किंवा ९० दिवसांचा. त्यामुळे ती चेनची फाईल घरी आल्यावर माळ्यावर टाकू नका. आईच्या फिजिओथेरपीच्या आणि पुढच्या एक्स-रेच्या पावत्या मी त्याच फाईलमध्ये ठेवत गेले आणि दोन महिन्यांनी एकत्र पाठवल्या.